बेस मॉडेल की टॉप मॉडेल? पिकअपच्या यादीची शंभर वर्षं

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण रिव्ह्यू नाही हं. आज इतिहास.

अमेरिकेत फोर्ड एफ-१५० सारखी नवी पिकअप घ्यायची म्हटलं, की स्क्रीनवर लांबच लांब यादी उघडते. इंजिन कोणतं? केबिन केवढी? हौदा किती लांब? आणि मग व्हेरियंटची रांग: एक्सएल, एक्सएलटी, लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम. आपल्याला वाटतं, निवडणारे आपण. पण या यादीतली बरीचशी निवड आपल्या जन्माआधीच कुणीतरी करून ठेवलेली आहे. कुणी, कधी आणि का, तेच आज बघू.

सुरुवातीला यादी नव्हतीच. १९१७ मध्ये फोर्डने मॉडेल टीटी नावाचा एक टनी ट्रक आणला. कंपनी द्यायची फक्त चेसिस आणि इंजिन. केबिन, हौदा, सगळं गावातल्या सुताराकडून नाहीतर बॉडी बांधणाऱ्याकडून करून घ्यायचं. आपल्याकडे आजही ट्रकची नुसती चेसिस घेऊन बॉडी बांधून घेतात ना, अगदी तसंच.

मग १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टी गाडीला कारखान्यातच लोखंडी हौदा बसवून दिला. नाव लांबलचक, 'मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी'. किंमत २८१ डॉलर. इंजिन एकच, २० हॉर्सपॉवरचं. मागे उघडणारा फाळका आणि जड वजनासाठी मजबूत पाटे, संपली यादी. गिऱ्हाईक शेतकरी होता, त्याला दुधाचे कॅन आणि बटाट्याची पोती न्यायची होती.

इंजिनाची निवड आली १९३२ मध्ये. फोर्डने साध्या माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन काढलं, ६५ हॉर्सपॉवरचं. चार सिलिंडरचं इंजिनही चालूच ठेवलं, ते ५० चं. म्हणजे एकाच कंपनीच्या दारात 'चार की आठ?' हा प्रश्न उभा राहिला. महामंदीचे दिवस होते, तरी लोकांना ताकदीची चव लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या मॉडेलपासून, फोर्डची एफ मालिका सुरू झाली. एफ-१ पासून एफ-८ पर्यंत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, हे आकडे वजनाचे होते. आकडा जितका मोठा, तितकं जास्त ओझं. एफ-१ मध्ये सहा सिलिंडर घ्या किंवा व्ही-८, ताकद जवळपास सारखीच, ९५ आणि १०० हॉर्सपॉवर. यादी अजून कामाची भाषा बोलत होती. आपल्याकडे बोलेरो पिकअप १.३ टन की १.७ टन असं विचारतात, तीच ही भाषा.

भाषा बदलली १९५५ मध्ये. शेवरलेने 'कॅमिओ कॅरियर' नावाची पिकअप आणली. दुरंगी, आतून कारसारखी सजवलेली, हौद्याला बाहेरून फायबरचे गुळगुळीत पत्रे. जास्त माल नेण्यासाठी नव्हे, जास्त छान दिसण्यासाठी जादा पैसे! खप फार झाला नाही, १९५८ मध्ये ती बंदही पडली. पण कल्पना टिकली. फोर्डने १९६५ मध्ये 'रेंजर' पॅकेज दिलं, १९७० मध्ये एक्सएलटी, १९७८ मध्ये लॅरिएट. २००१ मध्ये तर टेक्सासमधल्या प्रसिद्ध किंग रँचच्या नावाने जाड चामड्याच्या सीटची एफ-१५० आली. गंमत बघा, गुरं राखणाऱ्यांच्या कुरणाचं नाव, आणि गिऱ्हाईक कदाचित ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावणारं.

आता यादीत काय *नाही*, तेही बघू. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली. उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काही आयात मालावर २५ टक्के कर लावला, तो १९६४ मध्ये लागू झाला. त्यात बटाट्याचा स्टार्च होता, ब्रँडी होती आणि हलके ट्रकही होते. बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढे निघाला, ट्रकवरचा राहिला. अमेरिकेत त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. जगभर दिसणाऱ्या कितीतरी छोट्या पिकअप तिथल्या शोरूममध्ये दिसत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे. भांडण कोंबडीचं, गाडी मोठी!

आणि खुद्द एफ-१५० हे नाव? तेही कायद्यातून आलं. १९७५ मध्ये धुराचे नियम कडक झाले. गाडी आणि ओझं मिळून कमाल वजन ६,००० पाउंडांच्या, म्हणजे साधारण २,७२० किलोंच्या आत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोलची भानगड होती. फोर्डने त्या रेषेच्या जरासं वर बसेल असं मॉडेल काढलं. एफ-१०० आणि एफ-२५० च्या मधलं, म्हणून एफ-१५०. पुढे नियम बदलले, पण नाव आणि जाडजूडपणा कायम राहिला.

पुणेकरांसाठी एक खास ओळ. १९८९ मध्ये डॉज रॅम पिकअपच्या यादीत ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन आलं. १६० हॉर्सपॉवर म्हणजे फार नाही, पण खेचण्याची ताकद अफाट. हीच ती कमिन्स, जिने १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कंपनी काढली. कर्वेनगरातलं कमिन्स कॉलेज माहीत असेल, तर नाव ओळखीचं आहेच.

२०११ मध्ये आणखी एक उलथापालथ झाली. एफ-१५० मध्ये ३.५ लिटरचं दोन टर्बोवालं व्ही-६ इंजिन आलं, ३६५ हॉर्सपॉवरचं. शेजारीच ५ लिटरचं व्ही-८, ३६० चं. लहान इंजिन मोठ्याच्या पुढे! १९३२ पासून मनात बसलेलं 'आठ म्हणजे भारी' हे गणित तिथे मोडलं.

आता मुद्द्याचं. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. त्याने यादीचा स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "दादा, टॉप मॉडेल घेऊ ना? हप्त्यात थोडाच फरक आहे." मी त्याला एक हिशोब लिहून पाठवला, तो तुम्हीही ऐका.

समजा गाडीची एकूण वजनमर्यादा ३,२०० किलो आहे. बेस मॉडेलचं स्वतःचं वजन २,२५० किलो. म्हणजे ओझ्याला उरले ९५०. टॉप मॉडेलमध्ये काचेचं छत, मोटरवाल्या सीट, मोठी चाकं आली आणि वजन झालं २,५००. उरले ७००. त्यात पाच माणसं बसली, धरा ४०० किलो. उरले ३००. मागे तीन टनांचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर येतो. झाले ३००, खेळ खलास. हौद्यात एक पोतंही टाकायचं नाही! इंजिन ओढेल हो, पण पाटे, टायर आणि ब्रेक यांची मर्यादा संपली. महागडी गाडी कमी ओझं नेते, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत. ते लिहिलेलं असतं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर.

म्हणून मी म्हणतो, यादी ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने वाचा. आधी १९२५ चा प्रश्न: काय न्यायचंय आणि किती किलो? मग १९३२ चा: त्यासाठी इंजिन कोणतं पुरेल? त्याच्याबरोबर मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तरही बघा. ३.७३ ओढायला चांगलं, ३.३१ इंधन वाचवायला. आणि सगळ्यात शेवटी १९५५ चा प्रश्न: आतून ती किती छान दिसायला हवी? वेबसाइट हाच प्रश्न सर्वात आधी विचारते, कारण कमाई तिथे आहे.

हौस करू नका असं अजिबात नाही. हौसेला मोल नसतं, पण वजन असतं. मावसभावाने मधलं मॉडेल बुक केलंय, व्ही-६ टर्बोवालं. चामड्याच्या सीट मात्र घेतल्याच त्याने!

तुमच्या घरी पिकअप असेल, तर आज दाराजवळचं स्टिकर किंवा आरसी बुक उघडून वजनाचा आकडा बघा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.