हरलेल्या जगज्जेत्याला काय विचारावे?

बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डाव संपला, की दोन्ही खेळाडूंना थोड्याच वेळात पत्रकारांसमोर येऊन बसावे लागते. हा केवळ शिष्टाचार नव्हे. लढतीच्या करारातील ते एक बंधन आहे आणि ते मोडल्यास दंड होऊ शकतो. जिंकलेला आणि हरलेला एकाच टेबलामागे शेजारी शेजारी बसतात. कित्येक तास एकाग्र राहिलेल्या मनातून डाव अजून उतरलेला नसतो, चूक नेमकी कोठे झाली याचा शोध आत चालूच असतो, आणि समोरून विचारणा होते, "आता कसे वाटते आहे?"

क्रिकेटमध्ये हरलेल्या कर्णधाराच्या हाताशी पुष्कळ कारणे असतात. नाणेफेक, खेळपट्टी, दव, सुटलेले झेल. बुद्धिबळात यांपैकी काहीच नाही. पट दोघांचा एकच, मोहरी सारखी, आणि प्रत्येक खेळी स्वतःच्या हाताने केलेली. त्यामुळे "का हरलात?" या साध्या प्रश्नाचा अर्थ तेथे "तुमची बुद्धी कोठे कमी पडली?" असाच होतो. विचारणाऱ्याच्या मनात तसे काही नसले, तरी ऐकणाऱ्याला ते तसेच ऐकू येते.

नोव्हेंबर 2013 मधील चेन्नईची लढत या दृष्टीने आठवण्यासारखी आहे. विश्वनाथन आनंद आपल्याच शहरात मॅग्नस कार्लसनविरुद्ध खेळत होता. पाचवा आणि सहावा असे सलग दोन दिवसांचे दोन डाव तो हरला. पुढे काय करणार, या प्रश्नाला त्याने सर्वोत्तम प्रयत्न करीन असे उत्तर दिले होते. त्यावर एका नॉर्वेजियन पत्रकाराने त्याचा अर्थ जरा उलगडून सांगा, अशी विनंती केली. सर्वोत्तम प्रयत्न करणे म्हणजे सर्वोत्तम प्रयत्न करणे, तुम्हांला इंग्रजी का कळत नाही ते मला समजत नाही, असे आनंद उत्तरला. सौजन्याबद्दल जगभर ओळखल्या जाणाऱ्या, पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या खेळाडूच्या तोंडचे हे वाक्य होते. आपल्याकडे अनेकांनी पत्रकाराला उद्धट ठरवले, तर काहींना आनंदचा तोल गेल्याचे वाईट वाटले. वास्तविक प्रश्न उद्धट नव्हता, पोकळ होता. त्यात पटावरचे काहीच नव्हते. सहाव्या डावातील अमुक स्थितीत प्यादे सोडण्याचा निर्णय का घेतला, असे कोणी विचारले असते, तर तो प्रश्न अधिक बोचरा ठरला असता; तरीही आनंदने त्याचे बहुधा नीट उत्तर दिले असते, कारण अशा प्रश्नांना तो आयुष्यभर उत्तरे देत आला आहे.

पूर्वी पत्रकार परिषदेत एक गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक असे: पट जगज्जेत्याला अधिक कळतो. संगणकाने हे नाते उलटे केले. 2014 मध्ये सोची येथे त्याच दोघांच्या पुढील लढतीच्या सहाव्या डावात कार्लसनने सव्विसाव्या खेळीला राजा अशा घरात नेला, की आनंदला घोड्याने प्यादे मारून डाव फिरवता आला असता. घरबसल्या डाव पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकालाही इंजिनाने ते काही क्षणांत सांगितले होते. जगभरात ज्या दोघांना ते कोणी सांगू शकत नव्हते, ते दोघे पटाच्या दोन बाजूंना बसले होते. आनंदने दुसरीच खेळी केली आणि पुढे तो डाव हरला. अपेक्षाच नसलेली भेट कधी कधी घ्यायची राहून जाते, अशा अर्थाचे तो नंतर बोलला. त्याने ते किती शांतपणे सांगितले, याचेच नवल वाटते. इंजिनाचा आकडा हाती घेऊन "ही खेळी कशी सुटली?" असे विचारणारा पत्रकार स्वतःची नसलेली हुशारी मिरवत असतो. "त्या क्षणी तुम्ही कोणत्या धोक्याचा विचार करत होता?" हा प्रश्न त्याच जखमेवर बोट ठेवतो, पण त्याचे उत्तर इंजिन देऊ शकत नाही. ते फक्त समोर बसलेला माणूस देऊ शकतो.

उत्तर न देण्याचा मार्गही काहींनी पत्करून पाहिला आहे. 2016 मध्ये न्यूयॉर्कला आठवा डाव सर्गेई कार्याकिनकडून हरल्यावर कार्लसन पत्रकार परिषदेच्या मंचावर आला, थोडा थांबला आणि परिषद सुरू होण्यापूर्वीच उठून गेला. त्याला दंड झाला. याच्या उलट उदाहरण आखातातील आपल्या वाचकांच्या जवळचे आहे. 2021 मध्ये दुबईच्या एक्स्पोत झालेल्या लढतीचा सहावा डाव 136 खेळ्या चालला. जगज्जेतेपदाच्या इतिहासातील हा सर्वांत लांब डाव पावणेआठ तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर संपला. इयान नेपोम्नियाची तो हरला, पुढे आठवा आणि नववा डावही हरला. नवव्या डावाला तो लांब केस कापून आला होता आणि त्या दिवशी स्वतःच्याच एका प्याद्याच्या खेळीने त्याचा उंट अडकला. जगज्जेतेपद हातून जात असताना या माणसाच्या केसांविषयीही चर्चा झाली. तरीही तो प्रत्येक वेळी येऊन बसला आणि थकलेल्या, कोरड्या आवाजात का होईना, बोलला.

हलका प्रश्न नेहमीच वाया जातो असे मात्र नाही. लंडनमध्ये 2018 साली कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांचे बाराही डाव बरोबरीत सुटले. त्या कंटाळवाण्या दिवसांत कोणीतरी कार्लसनला भूतकाळातील आवडता खेळाडू कोण, असे विचारले. बहुधा मीच, तीन-चार वर्षांपूर्वीचा, असे तो म्हणाला आणि सभागृह हसले. आपला खेळ उतरणीला लागला आहे का, असे कोणी सरळ विचारले असते, तर इतकी प्रामाणिक कबुली मिळाली नसती.

स्त्री खेळाडूंच्या वाट्याला येणारा अनादर आणखी वेगळा असतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याविषयी उघडपणे लिहिले. आपण काही चांगले डाव खेळलो, पण प्रेक्षकांचे लक्ष कपडे, केस आणि उच्चार यांवरच होते, अशी तिची तक्रार होती. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. आता तिला डावांविषयी विचारतील, असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रश्न विचारणाऱ्यांना डाव वाचता येत नसतील, तर विश्वचषकानेही फारसा फरक पडणार नाही.

आतापर्यंतच्या प्रसंगांत उत्तरे खेळाडूंना द्यायची होती. बुद्धिबळातील सर्वांत अवघड पत्रकार परिषद मात्र खेळाडूंनी नव्हे, पदाधिकाऱ्यांनी उत्तरे द्यावीत अशी होती. 10 सप्टेंबर 1984 रोजी मॉस्कोत अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह यांची लढत सुरू झाली. सहा डाव प्रथम जिंकेल तो विजयी, असा नियम होता. पाच महिने उलटले, 48 डाव झाले, त्यांतील 40 बरोबरीत सुटले. कार्पोव्ह 5-3 असा पुढे होता, पण शेवटचे दोन्ही डाव सलग कास्पारोव्हने जिंकले होते. 15 फेब्रुवारी 1985 रोजी फिडेचे अध्यक्ष फ्लोरेन्सियो कॅम्पोमानेस यांनी मॉस्कोतील पत्रकारांना बोलावून लढत निर्णयाविना थांबवत असल्याचे जाहीर केले. कारण दिले खेळाडूंच्या थकव्याचे. मग कास्पारोव्ह स्वतः त्या सभागृहात पुढे आला आणि आपल्याला खेळायचे आहे, असे त्याने सर्वांदेखत सांगितले. ज्यांच्या थकव्यासाठी लढत थांबवली, त्यांच्यापैकी एक जण मी थकलेलो नाही असे म्हणत असेल, तर निर्णय कोणासाठी होता? परदेशी वार्ताहरांनी हाच मुद्दा लावून धरला आणि समाधानकारक उत्तर काही मिळाले नाही. त्या काळच्या मॉस्कोत भर सभेत असे प्रश्न होणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षी 24 डावांची नवी लढत झाली आणि 13-11 अशा गुणांनी कास्पारोव्ह जगज्जेता झाला.

आदर दोन्ही बाजूंनी असावा लागतो, याची कडू आठवण मार्च 2005 मधील रेक्याविकची आहे. जपानमधील कैदेतून सुटून, आइसलँडचे नागरिकत्व मिळवून बॉबी फिशर तेथे पोहोचला होता. पत्रकार परिषदेत तो ज्यूंविषयी आणि अमेरिकेविषयी विखारी बोलत राहिला. समोर अमेरिकन पत्रकार जेरेमी शाप बसला होता. त्याचे वडील डिक शाप हेही नामवंत क्रीडापत्रकार. तरुणपणी फिशरशी त्यांचा स्नेह होता, पुढे त्यांनी त्याच्या मानसिक स्थितीविषयी कठोर शब्दांत लिहिले. फिशरने तो राग मुलासमोर काढला. वडिलांचे म्हणणे खोटे ठरवण्यासारखे तुम्ही आज येथे फारसे काही केलेले नाही, एवढेच जेरेमी म्हणाला आणि उठून गेला. तो प्रश्नच नव्हता, असा आक्षेप घेता येईल. पण त्या दिवशी सभागृहात दुसरे काही विचारण्याजोगे उरले होते का?

मानसिक स्वास्थ्याविषयी विचारणे तेव्हापेक्षा आज सोपे झाले आहे, आणि अधिक जबाबदारीचेही. 2023 मध्ये अस्तानाच्या लढतीच्या पहिल्याच डावानंतर डिंग लिरेनने मन ठिकाणावर नसल्याचे, उदास वाटत असल्याचे स्वतःहून सांगितले. ती लढत जिंकून तो जगज्जेता झाला. पुढचे दीड वर्ष त्याच्या खेळापेक्षा प्रकृतीचीच अधिक विचारपूस होत राहिली. काहींना खरी काळजी होती, काहींना मथळा हवा होता. 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूरमध्ये चौदाव्या डावात, बरोबरीच्या वाटणाऱ्या स्थितीत, त्याने हत्ती चुकीच्या घरात नेला आणि डी. गुकेश 7.5-6.5 असा विजयी झाला. परिषदेत डिंगने आपल्याला खंत नसल्याचे सांगितले. गुकेशने बोलताना आधी डिंगविषयी सांगितले: तो खराखुरा जगज्जेता आहे, आणि तब्येतीची साथ नसतानाही जगज्जेत्यासारखा झुंजला. मग कार्लसनचा विषय निघाला. जगज्जेता झालो म्हणजे मी जगातील सर्वोत्तम खेळाडू झालो असे नाही, तेथे मॅग्नस आहे, असे अठरा वर्षांच्या गुकेशने सांगून टाकले.