धर्मादाय संस्थेचा अर्ज

निजामी राजवटीत नांदेड-लातूरकडच्या माणसांना जाहीर सभा घ्यायची तर ‘गस्ती निशाण ५३’ आडवं यायचं. गस्ती म्हणजे परिपत्रक. सभेला आगाऊ परवानगी लागे आणि राजकारणाचा वास आला की ती अडकून पडे. म्हणून १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, ती शिक्षण, मातृभाषा, समाजसुधारणा असे विषय पुढे करून. पुढची अधिवेशनं १९३८ मध्ये लातूरला आणि १९४१ मध्ये उमरीला झाली. नांदेडहून धर्माबादला जाताना लागतं ते हे उमरी. शाळा मागितली तर समाजसेवा, जबाबदार राज्यपद्धती मागितली तर राजकारण, अशी सरकारची वाटणी होती. माणसं मात्र दोन्हीकडे तीच. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. त्या काळात परिषदेचा आडोसा किती मोलाचा ठरला असेल, ते वेगळं सांगायला नको.

लोकांच्या वतीने सरकारकडे गाऱ्हाणं नेणारी संस्था आणि तिच्यावर डोळा ठेवणारं सरकार ही जोडी त्याहून जुनी. पुण्यात पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल कुरबुरी सुरू झाल्या आणि त्यांतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. देवस्थानाच्या हिशेबातून देशाचं राजकारण निघावं, हे पुण्याला साजेसंच. सभासद व्हायचं तर किमान पन्नास प्रौढांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हा सरकारचा पहिला प्रश्न असणार हे गणेश वासुदेव जोशी आणि मंडळींनी ओळखलं होतं. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. अर्ज, आकडे, निवेदन, शिष्टमंडळ अशी ही रीत. आजच्या भाषेत हेच लॉबिंग.

१८९५ मध्ये सभा टिळकपक्षाच्या हाती आली. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात सभेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांना सांगू लागले, की दुष्काळसंहितेप्रमाणे सूट मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. सरकारचाच कायदा सरकारच्या रयतेला वाचून दाखवण्याचा हा उद्योग मुंबई सरकारला झोंबला. मार्च १८९७ मध्ये त्याने जाहीर केलं, की सार्वजनिक धोरणावर सरकारशी बोलण्याचा सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही. सभेला टाळं लागलं नाही. पत्राला उत्तर मिळणं तेवढं थांबलं.

करसवलतीचा धागा यात वेगळ्या वाटेने आला. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने धार्मिक आणि धर्मादाय कामांच्या उत्पन्नाला सूट दिली. धर्मादाय म्हणजे काय, हे मात्र इंग्लंडच्या न्यायालयांकडे पाहून ठरू लागलं. तिथे १९१७ साली बोमन खटल्यात लॉर्ड पार्कर यांनी सांगितलं, की कायदा बदलण्यासाठी झटणारा न्यास धर्मादाय ठरत नाही, कारण तो बदल लोकहिताचा आहे की नाही हे न्यायालय ठरवू शकत नाही. हिंदुस्थानात या तत्त्वाची गाठ पडली ती गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाशी. काँग्रेसच्या ठरावातून १९२५ साली जन्मलेल्या संघाला मुंबईच्या आयकर आयुक्तांनी सूट नाकारली. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९४४ मध्ये लॉर्ड राइट यांच्या निकालाने संघ जिंकला. सूत कातून गरिबाच्या पोटाला मिळतं, हा मुख्य हेतू धर्मादायच. काँग्रेसशी असलेल्या नात्याने तो बुडत नाही.

खरा निवाडा मात्र एका व्यापारी मंडळाच्या वादात झाला. मद्रासच्या आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या उद्दिष्टांत, व्यापाराशी संबंधित कायद्यांना पाठिंबा देणे किंवा विरोध करणे, असं कलम होतं. तेवढ्यावर बोट ठेवून आयकर खात्याने सूट नाकारली. १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने चेंबरची बाजू घेतली: मुख्य उद्दिष्ट लोकोपयोगी असेल आणि कायद्याबद्दल बोलणं हे त्याचं साधन असेल, तर सूट जात नाही. सेवेने राजकारणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं तर चालेल, घर करू नये, असा याचा अर्थ.

पाऊल कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं? अमेरिकेने १९३४ साली कायद्यातच लिहिलं, की करमुक्त संस्थेच्या कामाचा मोठा भाग लॉबिंगचा नसावा. ‘मोठा भाग’ म्हणजे किती, यावर वाद झाले आणि १९७६ साली आकडा आला: हा पर्याय निवडणाऱ्या संस्थेला पहिल्या पाच लाख डॉलर खर्चापैकी २० टक्क्यांपर्यंत रक्कम लॉबिंगवर घालता येते, पुढे प्रमाण उतरतं, कमाल मर्यादा दहा लाख डॉलर. आपल्याकडेही २० टक्के आहेत, पण ते लोकोपयोगी संस्थेच्या व्यापारी उत्पन्नाला. अर्ज-निवेदनांना आकडाच नाही. धंदा मोजायचा आणि बोलणं अधिकाऱ्याच्या अंदाजावर सोडायचं, ही सोय संस्थेपेक्षा खात्याची जास्त आहे.

परदेशी देणग्यांच्या बाबतीत सरकारने काही अंदाजावरही सोडलं नाही. २०११ च्या नियमांत त्याने थेट बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे शब्द घातले. सार्वजनिक प्रश्नासाठी असे मार्ग नेहमी वापरणारी संस्था राजकीय स्वरूपाची ठरवून तिच्या परदेशी देणग्या रोखता येणार होत्या. मराठवाड्यात या व्याख्येतून किती संस्था सुटल्या असत्या, हा प्रश्नच आहे. विद्यापीठ, रेल्वे, पाणी, वैधानिक मंडळ यांपैकी फारसं काही इथे निव्वळ अर्जावर मिळालेलं नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी निजामविरोधी लढ्यात घडलेली माणसं पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेत आली आणि निवेदन, मोर्चा, न्यायालय ही तिन्ही हत्यारं त्यांनी एकाच भात्यात ठेवली. ६ मार्च २०२० रोजी ‘इन्साफ’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमाची धार कमी केली. पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी सनदशीर निषेध करणाऱ्या संस्थेच्या देणग्या यापुढे या नियमाखाली अडवता येत नाहीत.

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यालाच करसवलतीची ही मोजपट्टी लावून पाहावी. गोदावरीवरचा हा २.७४ टीएमसीचा बंधारा. त्याविरुद्ध आंध्र प्रदेशाने २००६ साली दावा लावला. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू सहकाऱ्यांसह सीमा ओलांडून आले आणि त्यांना धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवावं लागलं. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा टिकला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवण्याची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडण्याची अट पडली. ऐन पावसाळ्यात पाणी अडवता येत नाही. समजा, शेतकऱ्यांच्या एखाद्या नोंदणीकृत न्यासाने या वेळापत्रकात बदल मागितला, त्यासाठी मंत्रालयात खेपा घातल्या, माहितीपत्रकं छापली. १९१७ चे लॉर्ड पार्कर त्याची सवलत कदाचित काढून घेतील. ती टिकवायला न्यासाच्या वकिलाला आंध्र चेंबरचाच निवाडा पुढे करावा लागेल.