गायरानावर खड्डे घेण्याआधी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात शेजारच्या एका गावातून फोन आला. "साहेब, गायरानावर पाच हजार झाडं लावतोय. पहिल्या पावसाला कार्यक्रम आहे. बातमी जरा ठळक लावा." मी गेलो. माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या, जेसीबी येऊन थांबलेला, पोरं उत्साहात. रोपांची यादी बघितली तर गिरिपुष्प, गुलमोहर, काशिद, थोडी निलगिरी. बांधाला एक धनगर मामा काठीवर हनुवटी टेकवून उभे होते. म्हटलं, "काय मामा, आता गाव हिरवं होणार." मामा म्हणाले, "झाडं लावा की. पर हितलं गवत कुठं लावनार, ते बी सांगा."

वीसेक वर्षं सोलापूर जिल्ह्यात बातमीदारी करतोय. वृक्षारोपणाच्या बातम्या किती लिहिल्या त्याला मोजदाद नाही. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आठ दिवस जुनी पुस्तकं चाळली, दोन-चार जाणत्यांना विचारलं. त्यातून हाती लागलं ते इथं मांडतोय.

आपल्याकडे वृक्षारोपणाचं भाषण असलं की शिवरायांच्या आज्ञेचा दाखला हमखास येतो. तो मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नका, माणसानं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. फार मोलाचा मजकूर आहे, वाद नाही. पण त्याच राज्यात दुसरीही एक गोष्ट जपली जायची, तिचं नाव भाषणात कुणी घेत नाही. ती म्हणजे कुरण. घोडदळ काही वाऱ्यावर चालत नाही, त्याला गवत लागतं. म्हणून सरकारी कुरणं राखलेली असायची. गावाचं गायरान वेगळं, सरकारचं कुरण वेगळं. माळ रिकामा आहे असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं.

मग तो रिकामा कधी झाला? माझ्या मते कागदावर झाला. १८३०च्या दशकात इंग्रजांनी दख्खनमध्ये जमिनीची नव्यानं मोजणी आणि सारा ठरवण्याचं काम सुरू केलं. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांची पद्धत आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात आधी लागू झाली. पिकाखाली असलेल्या जमिनीवर सारा बसतो. गवतावर चरणाऱ्या मेंढरांनी जमिनीला काय दिलं, हे त्या रकान्यात कुठं लिहिणार? सारा येत नाही म्हणजे पडीक, असा तो हिशोब. इंग्रज गेले, रकाना राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, जुलैच्या पहिल्या आठवड्याचा. हेतू चांगलाच होता. आपल्या भागात खरी घाई झाली ती १९७२च्या दुष्काळानंतर. आमच्या घरातले थोरले लोक अजून सांगतात, खडी फोडायच्या कामावर जायचो आणि सुकडी मिळायची. रोजगार हमी आली, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले आणि जोडीला झाडं लावायची कामं निघाली. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरण खातं आलं. १९८५ साली तर देशपातळीवर पडीक जमीन विकास मंडळ निघालं आणि वर्षाला ५० लाख हेक्टरवर झाडं लावायचं उद्दिष्ट जाहीर झालं. एवढी जमीन आणायची कुठनं? माळ होताच. रकान्यात तो पडीकच होता.

झाडं कुठली निवडायची याचंही त्या काळचं गणित होतं. झटपट वाढणारं, पाणी कमी मागणारं आणि गुरांनी तोंड न लावणारं झाड हवं. राखणीला माणूस कुठनं आणणार? गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, यात बरोबर बसली. ती मूळची मेक्सिको, मध्य अमेरिकेकडची. सुबाभूळही तिकडचीच. ती चाऱ्यासाठी आणली, शेळ्यांना आवडते, पण शेंगा इतक्या टाकते की एक लावली तर शंभर उगवतात. वेडी बाभूळ त्याच्याही आधी, इंग्रजांच्या काळात देशात आली. ती आता ओढ्याओढ्यानं पसरली आहे. गुलमोहर मादागास्करचा. (सीताफळही परदेशीच बरं का. ते काढून टाका असं म्हणायची माझी हिंमत नाही, घरात मार बसेल.)

त्या वेळच्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. दुष्काळानं भाजलेल्या माणसाला हिरवं दिसेल ते चांगलंच वाटणार. पण त्याचं काय झालं ते बघायला लांब जायला नको, नान्नजला जा.

१९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावरचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारावर बंधनं आली, लोक वैतागले आणि राग निघाला बिचाऱ्या पाखरावर. पुढं कोर्टकचेऱ्या होऊन ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. यावर आम्ही पत्रकारांनी भरपूर लिहिलं. लिहिलं नाही ते दुसरंच. माळढोक उघड्या जमिनीवर घरटं न बांधता बहुधा एकच अंडं घालतो आणि मान उंच करून लांबवर नजर ठेवतो. त्याला आडोसा नको असतो, उघडा माळ लागतो. आणि त्याच्या माळावर आपण उंदीरमारीचे पट्टे उभे केले. माळढोक संपत आला त्याला एवढंच कारण नाही. शिकार झाली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. पण झाडं लावूनही एखाद्या जनावराचं घर मोडतं, हे मला पंचेचाळिशीत कळलं. एके काळी राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अलींनी याचंच नाव सुचवलं होतं. मान १९६३ला मोराला मिळाला. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

तोच माळ काळविटाचा, लांडग्याचा, खोकडाचा. आणि मामांच्या मेंढरांचा. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी, डोंगरी ही गवतांची नावं मामांनी मला उभ्या उभ्या सांगितली. कुठलं कधी गोड, कुठलं फुलल्यावर मेंढरू खात नाही, सगळं. या गवतावर वाढलेली मेंढरं शेतात बसवली की शेताला खत मिळतं. म्हणजे माळाचा सारा आपल्या शेतात पोचत होताच, फक्त पावती कुणी फाडत नव्हतं.

आता माझी गोष्ट. २०१६ला राज्यात एका दिवसात २ कोटी झाडांची मोहीम झाली, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी. त्या २०१९च्या जुलैत मी एका शाळेमागच्या माळावर स्वतः गुलमोहर लावला. फोटो काढला, बातमी केली, मथळा दिला 'उजाड माळ होणार हिरवागार'. पुढच्या उन्हाळ्यात सहज गेलो तर खड्डे तेवढे शिल्लक होते, रांगेत, नीट मापात. खड्ड्यांनी उकरलेल्या जागी गवतही नव्हतं. त्याची बातमी मी केली नाही. पान भरायला दुसरं काही होतं म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून.

तर झाडं लावायचीच नाहीत का? लावायची की. पण गावात झाडाच्या जागा ठरलेल्या असतात. ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ. गावरस्त्याला लिंब, वड, चिंच. शेताच्या बांधाला बोर, बाभूळ, हिवर. देवाच्या जागी तर झाडच देव असतो. सांगली जिल्ह्यात आरेवाडीला बिरोबाचं बन आहे, ते धनगरांनीच राखलं. पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांना कळलं की गावकऱ्यांची भीती आणि श्रद्धा यांनी केवढा ठेवा सांभाळलाय. माळावर लावायचंच असेल तर तरवड, बोर, हिवर, मेडशिंगी, तेही विरळ. नाहीतर दोन पावसाळे चराई आलटून-पालटून करा, गवत आपलं आपण येतं. त्याला उद्घाटन नसतं, हीच काय ती अडचण.

आणि हे ठरवायचा अधिकार गावाला आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कुठलं झाड, गवत, पाखरू आहे आणि त्याची माहिती कुणाला आहे, ते त्यात लिहायचं. राष्ट्रीय हरित लवादानं या कामाला ३१ जानेवारी २०२०ची मुदत दिली आणि मुदत चुकवणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाखांचा भुर्दंड सांगितला. मग काय, घाईघाईत समित्या झाल्या, वह्या झाल्या. तुमच्या गावची वही ग्रामसेवकाकडे मागून बघा. मी त्या गावची मागितली. कपाटातून निघाली. गवताच्या पानावर दोन नावं होती. मामांनी मला पाच सांगितली होती, तीही मोबाईलवर बोलता बोलता.

ती वही घेऊन परवा सरपंचांकडे बसलो होतो. माणूस समंजस आहे, पण रोपं सांगून झालीत, पाहुणे सांगून झालेत. दोन तास बोलणं झालं. जेसीबी सध्या थांबवलाय. पाचशे झाडं ओढ्याला आणि रस्त्याला लावायची, तीही वरच्या यादीतली, यावर ते तयार आहेत. बाकीच्या माळाचं ग्रामसभेत ठरेल, येत्या शुक्रवारी सकाळी दहाला. मामांना समितीवर घ्या असं मी सुचवलं, तर एक सदस्य म्हणाले, "त्यांना लिहिता कुठं येतंय?" लिहायला मी बसतो म्हटलं.

बोराच्या, करंजाच्या, हिवराच्या बिया कुणाकडे साठवलेल्या असतील तर कळवा. ओढ्याकाठची उंदीरमारी काढायला चार हात लागतील, कुऱ्हाड आपापली आणावी. आणि त्या गावचे जे कुणी इथं वाचताय, शुक्रवारी रानात काम काढू नका.