इंदूरचे खत आणि विस्मरणात गेलेले वाड

इंदूर म्हटले की होळकर, राजवाडा, सराफा ही नावे आपल्या तोंडी लगेच येतात. पण जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत आपल्या शहराचे नाव येते ते खतामुळे. 'इंदूर पद्धत' हा शब्द इंग्लंड-अमेरिकेतल्या बागायतदारांना ठाऊक आहे, इंदूरकरांना मात्र फारसा नाही. म्हणून हे टिपण.

१९२४ साली, तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर असताना, इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभी राहिली. जमीन दिली दरबाराने, सुमारे ३०० एकर. पैसा आला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीकडून आणि मध्य भारत व राजपुतान्यातल्या संस्थानांकडून. संचालक होते आल्बर्ट हॉवर्ड. १९०५ पासून ते बिहारात पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तितक्याच तोलाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. संस्थेचे मूळ काम कापसाचे. पण नुसते बियाणे सुधारून भागणार नाही, जमीन सुधारली पाहिजे, हे या मंडळींनी लवकरच ओळखले.

आता माळव्याची काळी जमीन कशी, ते थोडे पाहू. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते. वरची माती भेगांत पडते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःची उलथापालथ करते. पावसाळ्यात तीच माती फुगून चिकट होते, तिच्यातली हवेची छिद्रे बुजतात. हवा कोंडली की नायट्रेटवर जगणारे जंतू जोर धरतात आणि पिकाचे नत्र वायू होऊन उडून जाते. म्हणून पाण्याचा निचरा हा हॉवर्डांचा जिव्हाळ्याचा विषय होता. आपल्या जुन्या शेतकऱ्यांचा वखर (माळव्यात त्याला बक्खर म्हणतात) वरची दोन-चार बोटे मातीच हलवतो. तण कापतो, ओल राखतो, खालची घडण मोडत नाही. आज ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर फिरतो, तो ढेकळांचे पीठ करतो. मातीच्या कणांआड सुरक्षित असलेला सेंद्रिय अंश उघडा पडतो, जंतू तो भराभर संपवतात, आणि बुरशीचे तंतू तुटतात ते वेगळेच.

खताची गोष्ट याच्याशीच जोडलेली. पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट असा काडीकचरा सरळ शेतात गाडला तर काय होते? त्यात कर्ब भरपूर, नत्र थोडे. कुजवणाऱ्या जंतूंना स्वतःच्या वाढीला नत्र लागते, ते मातीतून ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. यावर इंदुरात काढलेला तोड साधा होता: कुजवण्याचे काम शेताबाहेर उरकायचे आणि तयार खतच शेताला द्यायचे.

त्यासाठी टणक काड्या आधी चिरडून घेत. मग कचरा बैलांखाली अंथरायचा. सकाळी तो उचलून सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि जेमतेम दोन-तीन फूट खोल खड्ड्यात थर लावून भरायचा. वर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचा काला शिंपडायचा. विरजणासारखे थोडे जुने, बुरशी धरलेले खतही त्यात घालायचे. ढीग तापतो. आधी बुरशी काम करते, मग जंतू. तीनदा चाळवणी, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला कर्ब-नत्राचे प्रमाण ३३ ला १ च्या आसपास ठेवायचे, शेवटी ते १० ला १ च्या जवळ येते. खड्डा उथळ ठेवायचा तो हवेसाठी. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग लावत.

हे सगळे १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यावर दोन नावे आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. कर्ब-नत्राचे हिशेब हा या पद्धतीचा कणाच आहे. तरी हॉवर्डना 'सर' किताब मिळाला, त्यांच्या १९४० च्या पुस्तकाने जगभर चळवळ उभी केली, आणि वाड हे आडनाव तळटीपेत राहिले. हॉवर्डांवर चीनच्या शेतकऱ्यांचाही प्रभाव होता, आणि माळव्याचा गोठा, बैल, राख तर आपलीच. एवढे लक्षात घेतले म्हणजे 'एका साहेबाचा शोध' ही कथा अपुरी वाटू लागते.

१९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आले तेव्हा त्यांनीही हे काम पाहिले. ही पद्धत पुढे चहा-कॉफीच्या मळ्यांत पोचली. माळव्याच्या लहान शेतकऱ्याकडे मात्र शेणाच्या गोवऱ्या होत, कारण चूलही पेटवायची असे. खत की सरपण, हा पेच रसायनशास्त्राने सुटणारा नव्हता.

हॉवर्ड पुढे रासायनिक खतांचे कट्टर विरोधक झाले. इथे जरा सावध राहायला हवे. जबलपूरच्या काळ्या जमिनीत १९७२ पासून चालू असलेले सोयाबीन-गव्हाचे प्रयोग वेगळेच सांगतात. नुसते नत्र देत राहिले तर जमीन मागे पडते. नत्र-स्फुरद-पालाश तोलून दिले तर जंतू मरत नाहीत, आणि त्याला शेणखताची जोड दिली तर सेंद्रिय कर्ब व जंतूंचे प्रमाण सर्वांत चांगले राहते. म्हणजे हॉवर्ड अर्धे बरोबर होते, पण तो अर्धा भाग फार मोलाचा आहे.

त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे आणि चहूबाजूंनी शहर. अशा जमिनीचा भाव चौरस फुटात मोजला जाऊ लागला की तिच्यातला शंभर वर्षांचा प्रयोग कुणाला दिसत नाही. वाडांबद्दल, किंवा संस्थेत राबलेल्या कामगारांबद्दल, आपल्यापैकी कुणाच्या घरी जुनी पत्रे, फोटो, नोंदवह्या असतील तर त्या रद्दीत जाण्याआधी मंडळाला जरूर दाखवाव्यात.