मुंबईचे 'रायझिंग स्टार' लॉज : बंधुत्वाच्या एका दाराची हकीकत

मुंबईच्या कोट विभागात, स्टर्लिंग चित्रपटगृहाच्या समोर, 'फ्रीमेसन्स हॉल' नावाची एक जुनी भारदस्त वास्तू आहे. तिच्यावरून नित्य जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आत काय चालते हे ठाऊक असते. जेथे ज्ञान नसते तेथे तर्क वाढतो, या न्यायाने आपल्या देशात ठिकठिकाणी अशा इमारतींना लोकांनी 'जादूघर' हे नाव देऊन टाकले. 'लॉज' म्हटले म्हणजे आज आपल्यासमोर खाणावळ व उतारूंची सोय उभी राहते. परंतु फ्रीमेसन लोकांच्या भाषेत लॉज म्हणजे बंधूंची सभा होय. अशाच एका सभेचा, 'लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हिचा वृत्तांत ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवण्याचा विचार आहे. ज्या संस्था स्वतःस बंधुत्वाच्या पायावर उभ्या म्हणवितात, त्या सर्वांना त्यातून काही घेण्याजोगे आहे.

प्रथम या पंथाची ओळख करून घेऊ. 'मेसन' म्हणजे पाथरवट किंवा गवंडी. युरोपात मोठमोठी देवालये बांधणाऱ्या कारागिरांच्या संघांतून ही परंपरा निघाली, असे सामान्यतः मानले जाते. पुढे प्रत्यक्ष बांधकाम न करणारे गृहस्थही तीत शिरले. इ. स. १७१७ साली लंडनमध्ये व १७३६ साली स्कॉटलंडमध्ये मध्यवर्ती 'ग्रँड लॉज' स्थापन झाले. गुण्या, कंपास, पाणसळ ही गवंड्याची हत्यारे या मंडळींनी सदाचरणाची चिन्हे म्हणून स्वीकारली. सभासदास शिकाऊ, कारागीर व उस्ताद अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि सभेच्या वेळी सर्वजण कमरेस कारागिराचा एप्रन बांधतात. विश्वाच्या महान शिल्पकारावर, म्हणजे परमेश्वरावर, श्रद्धा असली पाहिजे ही मुख्य अट. आत धर्ममतांचा व राजकारणाचा वाद करावयाचा नाही, आणि राव असो वा रंक, सर्वांस 'बंधू' म्हणावयाचे, हा नियम. नवा उमेदवार घ्यावयाचा की नाही हे पांढऱ्या व काळ्या गोळ्यांच्या गुप्त मतदानाने ठरते.

इंग्रजांबरोबर हा पंथ हिंदुस्थानात आला. १७३० च्या सुमारास कलकत्त्यास व १७५८ साली मुंबईस पहिली लॉजेस निघाली. कंपनी सरकारचे अधिकारी, लष्करी मंडळी व व्यापारी हेच त्यांचे सभासद. मानवमात्र बंधू आहेत असे आत म्हटले जाई. परंतु दाराशी हिंदी मनुष्य येऊन उभा राहिला की काळी गोळी बाहेर निघे.

या दाराशी धीराने उभे राहिलेले गृहस्थ म्हणजे माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७). हे पारशी समाजातील सुधारक व विद्याव्यासंगी पुरुष होते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने १८४० साली प्रथमच एका हिंदी माणसास सभासद करून घेतले, ते हेच. युरोपियनांच्या 'पर्सिव्हिअरन्स' लॉजकडे त्यांनी प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. माणेकजी युरोपच्या प्रवासास गेले आणि पॅरिस येथील एका लॉजमध्ये त्यांनी रीतसर दीक्षा घेतली. ज्याने एका ठिकाणी दीक्षा घेतली तो सर्वत्र बंधू, असा मेसन मंडळींचा दंडक आहे. तरीही मुंबईस परतल्यावर त्यांना तेथे स्थान मिळाले नाही. ज्यास पॅरिसने बंधू म्हटले, त्यास स्वतःच्या गावात परकेपणा सोसावा लागला.

या वेळी स्कॉटिश मेसन मंडळींचे पश्चिम हिंदुस्थानातील प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स हे होते. स्कॉटलंडच्या माँट्रोज गावचे हे वैद्य कच्छ-भूज येथे नोकरीस असताना सिंधच्या अमीरांच्या उपचारार्थ त्यांच्या दरबारी गेले होते, व त्या प्रवासाचे वर्णनही त्यांनी लिहिले. त्यांचे दोन भाऊ, प्रसिद्ध प्रवासी अलेक्झांडर व धाकटे चार्ल्स, नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूल येथे क्षुब्ध जमावाच्या हातून मारले गेले. असा घाव बसलेला मनुष्य एखाद्या सबंध धर्माविषयी मनात अढी धरता, तर जगाने त्यास फारसा दोष दिला नसता. परंतु त्या घटनेस जेमतेम दोन वर्षे झाली असता, १५ डिसेंबर १८४३ रोजी, याच बर्न्ससाहेबांनी हिंदी गृहस्थांसाठी 'रायझिंग स्टार' म्हणजे 'उगवता तारा' हे लॉज स्थापिले, आणि त्यात पारशी व मुसलमान दोघांनाही बंधू म्हणून घेतले. शपथ ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून घ्यावी, अशी व्यवस्था असल्यामुळे बायबल, अवेस्ता व कुराण एका सभागृहात मानाने नांदू लागले.

ही गोष्ट लहान नव्हती. भायखळा क्लबसारख्या ठिकाणी हिंदी मनुष्यास सभासदत्व नव्हते, त्या काळात लॉजच्या चार भिंतींत गोरा व काळा एकमेकांस बंधू म्हणत. तथापि इतिहासलेखकाने दुसरी बाजूही झाकू नये. बर्न्ससाहेबांनी नवे दार बांधले. जुने दार मात्र मिटलेलेच राहिले. हिंदी लोकांसाठी निराळे लॉज निघाले म्हणून 'पर्सिव्हिअरन्स'च्या मंडळींस आपले मन बदलण्याचे कारणच उरले नाही.

हिंदूंचा प्रवेश तर आणखी लांबला. कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांना कित्येक वर्षे झगडावे लागले, व १८७२ साली 'अँकर अँड होप' लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. हिंदू अनेक देव मानतात, म्हणून त्यांची एका परमेश्वरावर श्रद्धा कशी धरावी, हा एक आक्षेप; आणि जातिबंधनामुळे जे आपसांत एका पंक्तीस बसत नाहीत ते आमच्याशी बंधुत्व काय पाळणार, हा दुसरा. पहिला आक्षेप अज्ञानाचा होता. दुसऱ्याचे उत्तर देणे मात्र आपल्या पूर्वजांस कठीण गेले असले पाहिजे. कारण ते शस्त्र आपल्याच घरातून प्रतिपक्षाच्या हाती गेले होते.

रायझिंग स्टारच्या परंपरेत वाढलेल्या मंडळींत खरशेदजी रुस्तमजी कामा (१८३१–१९०९) यांचे नाव अग्रभागी येते. १८५४ साली त्यांनी येथे दीक्षा घेतली. पुढे युरोपात अवेस्ता भाषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून त्यांनी मुंबईस त्या विद्येचा पाया घातला. त्यांच्या स्मरणार्थ १९१६ साली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी राहिली. १८७७ च्या सुमारास मुंबईतील हिंदी मेसनांच्या इतिहासावर त्यांनी एक व्याख्यानही लिहिले. त्याच सुमारास हा पंथ एकदा भर लोकांत दिसला. ११ नोव्हेंबर १८७५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांनी मुंबईच्या प्रिन्सेस डॉकची कोनशिला मेसन विधीने बसविली. अशा प्रसंगी शिलेवर धान्य, मद्य व तेल वाहतात. आपल्या भूमिपूजनातील अक्षता व पंचामृत वाचकांस सहज आठवतील. दिवंगत बंधूंच्या विधवा, अनाथ मुले व गरजू विद्यार्थी यांस साह्य करणे, हे मात्र या पंथाचे कायमचे व बिनबोभाट चालणारे कार्य होय.

देश स्वतंत्र झाल्यावर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्ली येथे 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले प्रमुख झाले. बरीच लॉजेस तिच्यात सामील झाली. काहींनी मूळ इंग्लिश, स्कॉटिश वा आयरिश सत्तेशी संबंध कायम ठेवला. वर्णाचा व धर्माचा अडसर गेला. स्त्रियांस मात्र या परंपरेत अद्यापि प्रवेश नाही. ज्या माणेकजींनी १८६३ साली मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली, त्यांच्याच पंथात ही उणीव राहावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता आपल्याविषयी दोन शब्द. आपले मंडळही बंधुभावाच्या नावाने चालते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, अडीअडचणीस मदत ही आपली कामे भूषणावह आहेत, यात संशय नाही. ज्या काळी इतर दारे मिटलेली होती, त्या काळी आपल्या वडीलधाऱ्यांनी हे दार बांधले. परंतु निरुपायाने बांधलेले दार पुढे दुसऱ्यास अडविण्यासाठी राहू नये. गुणी व गरजू परज्ञातीय विद्यार्थ्यांसाठी आपल्या शिष्यवृत्तीतील निदान काही भाग राखून ठेवावा, ही सूचना मंडळाच्या चालकांनी येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावी, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.