रान राखताना कोणाच्या चुली विझल्या?

इसवी सन १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी हौतात्म्य पत्करले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यानंतर थोड्याच काळाने त्यांच्याच संघाचा ओडोरिक नावाचा प्रवासी इकडे आला व त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनपर्यंत गेला. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तात ठाण्याविषयी चार ओळी आहेत. येथे अन्नाची विपुलता आहे व झाडी दाट आहे, असे तो सांगतो. आणि लागलीच काळे सिंह, माकडे, पारव्याएवढी वटवाघळे व कुत्र्याएवढे उंदीर यांचे वर्णन करतो. काळे सिंह म्हणजे बहुधा काळे बिबटे असावेत. उंदरांचे म्हणाल, तर ज्यांनी ठाण्याच्या बाजारपेठेतील घुशी पाहिल्या आहेत, ते ओडोरिकला फारसा दोष देणार नाहीत.

या वर्णनात अन्न आणि श्वापदे एकाच ठिकाणी सुखाने नांदताना दिसतात. आज मात्र सभांतून व वर्तमानपत्रांतून विचारले जाते की, दुर्मीळ जनावरे वाचवायची की भुकेली माणसे जगवायची? जणू ही दोन्ही एकाच ताटातील भागीदार आहेत. हा तंटा मुळात लागला कसा, याचा शोध आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात घेता येतो. जुना म्हणण्याचे कारण असे की, २०१४ साली त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.

आगगाडी १८५३ साली ठाण्यास आली व पुढील वर्षी कल्याणला पोहोचली. रुळांखाली घालण्यास सागाचे लाकूड हवे होते आणि वाढत्या मुंबईला जळण हवे होते. १८७८ च्या वनकायद्याने सरकारने रानाभोवती कुंपण घातले, ते या लाकडाच्या गरजेपोटी. त्या कुंपणाचा पहिला फटका भातशेतीला बसला. आपल्याकडे पावसापूर्वी रोपाच्या जागी पालापाचोळा, डहाळ्या व शेण पसरून जाळतात, यास राब म्हणतात. राबाविना रोप जोम धरत नाही. झाडाच्या फांद्या तोडणे हा आता गुन्हा ठरू लागल्यावर शेतकरी आणि आदिवासी दोघेही हवालदिल झाले. ओरड इतकी वाढली की, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ साली सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये निघाला. राब सर्वस्वी बंद झाला नाही, हे खरे; परंतु पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ही हक्क न राहता सरकारची मेहेरबानी ठरली. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविण्यासाठी दिलेल्या दळी जमिनींचीही तीच गत झाली. आमच्या मते पुढच्या सव्वाशे वर्षांच्या दुःखाचे मूळ या एका फरकात आहे. मेहेरबानी कधीही काढून घेता येते.

आणि ज्या रानातून माणसाला असे दूर सारले, त्या रानातील जनावरांचे रक्षण होत होते काय? मुळीच नाही. वाघ-बिबटे मारणारास तेच सरकार बक्षीस देत होते. रान राखले जात होते ते लाकडासाठी; वाघ आणि वारली हे दोघेही त्या हिशेबाबाहेरचे. वारल्याने मात्र वाघोबाचे देवस्थान मांडले, वाघबारशीला नैवेद्य दाखविला आणि ज्याचे भय वाटते त्याच्याशी करार करून तो राहिला. तिच्याकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते. येऊरपासून जव्हारपर्यंत बिबट्या अद्याप टिकून आहे, त्यास या सोशीकपणाचाही हातभार आहे.

१८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले व मुंबईचे नळ वाहू लागले. तलावाभोवतीचे रान पुढे १९७० साली अभयारण्य झाले.

मग आले १९७२ साल. त्या वर्षी झालेल्या गणनेत देशभरात अवघे १८२७ वाघ आढळले आणि सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा राज्यभर विस्तार झाला. भुकेल्याने मागितले तर काम देणे शासनास बंधनकारक आहे, हे तत्त्व पुढे कायद्यात आले. दोन्ही गोष्टी थोर होत्या. वन्यजीव कायदा झाला नसता, तर आज वाघ चित्रातच पाहावा लागला असता. पण या दोन सत्कृत्यांची आपसात गाठ पडली नाही. १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पूर्णतः बंद झाली, तेव्हा ससा वा घोरपड यांवर ज्यांच्या कालवणाची भिस्त होती, त्या पाड्यांच्या ताटात त्याऐवजी काय पडावे, याचा विचार कोणत्या खात्याने करायचा होता?

लगोलग १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर मुले कुपोषणाने दगावत होती. या मृत्यूंचे खापर वनसंरक्षणावर फोडणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात कणगी रिकामी असते, दवाखाना दूर असतो, अंगावर उचल असते. कारणे अनेक आहेत. तथापि राखीव रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाकडे जमिनीचा कागद नसतो, आणि कागद नसेल तर विहीर, कर्ज व बांधबंदिस्ती यांपैकी काहीच मिळत नाही, हेही विसरता येत नाही.

ठाण्याच्या अंगणातील येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध १९९५ मध्ये याचिका दाखल झाली व १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वस्त्या हटविण्याचा आदेश दिला. झोपडीवासीयांना कल्याण तालुक्यातील शिरढोण येथे हलविण्याची योजना निघाली. तेथून रोजगारासाठी मुंबईस कसे पोहोचायचे, या प्रश्नावर ती अडली आणि अखेर अनेकांची सोय चांदिवलीस झाली. उद्यानाहून जुने असलेले आदिवासी पाडे आणि नव्या झोपड्या यांना एकाच शब्दाने ‘अतिक्रमण’ म्हणण्याची घाई तेव्हा अनेकांनी केली. २०१५ च्या कॅमेरा-पाहणीत या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या एका मॉलमध्ये व नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील एका इमारतीत बिबट्या शिरला, तेव्हा शहरवासीयांना एका दिवसापुरते ते भय कळले, जे पाड्यावर रोजचे आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने १८८७ ची चूक काही अंशी दुरुस्त केली. मेहेरबानी पुन्हा हक्क झाली. अभयारण्यातील हक्कदारासही ग्रामसभेच्या संमतीवाचून हलविता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे नाकारलेल्यांना बाहेर काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला व त्याच महिन्यात त्यास स्थगितीही दिली. भुकेच्या बाजूने २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. गरोदर व स्तनदा आदिवासी मातेस दिवसातून एक चौरस जेवण तीत मिळते.

एक शेवटची गोष्ट वनपिंगळ्याची. १८८४ नंतर हा पक्षी कोणास दिसला नव्हता. तो नामशेष झाला, असेच मानले जात होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये आपल्या तानसा अभयारण्यात. साऱ्या जगात तो केवळ मध्य भारतातील थोड्या रानांत उरला आहे. त्याला गर्द अरण्य नको असते. विरळ सागाचे, मध्येमध्ये मोकळे असलेले रान त्याला मानवते, आणि दिवसाउजेडी तो सरडे व उंदीर टिपतो. त्याच्या त्या रानाच्या कडेच्या पाड्यांवरून दिवाळी उलटली की कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. तेथे भाजलेल्या विटांनी आपल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. ज्येष्ठात ती माणसे परततात, राब भाजलेल्या जागी भात पेरतात, आणि श्रावण सरेपर्यंत कणगीत काय उरले आहे, ते पाहत दिवस काढतात.