शंटिंग इंजिन: घडण जर्मन, जोड भारतीय

यार्डात डबे तोडणे, जोडणे आणि गाडी लावणे ही शंटिंग इंजिनाची कामे. त्यात वेगापेक्षा ओढ महत्त्वाची असते. वाफेचे इंजिन रिकामे उभे असले तरी त्याची भट्टी पेटती ठेवावी लागे. डिझेल इंजिन काम संपताच बंद करता येते. म्हणूनच शंटिंगसाठी डिझेल लवकर सोयीचे ठरले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची शंटिंग इंजिने भारतात 1944-45 मध्ये आली. पुढच्या दोन खेपा जर्मनीच्या होत्या.

इंजिनाची पहिली ओळख त्याच्या वर्गनावातून पटते. पहिले अक्षर रुळांतील अंतर सांगते: डब्ल्यू म्हणजे 1676 मिमीचा ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे 762 मिमी आणि एन म्हणजे 610 मिमी. दुसरे डी डिझेलचे, तिसरे एस शंटिंगचे. माथेरानच्या युंग कंपनीच्या जर्मन इंजिनांचा वर्ग एनडीएम-1 होता. त्यातला एम मिश्र वाहतुकीचा, म्हणून ती शंटर नव्हेत.

म्युनिकच्या क्राउस-माफाय कंपनीने 1954-55 मध्ये डब्ल्यूडीएस-2 ही इंजिने पुरवली. ती मध्य रेल्वेच्या कुर्ला शेडमध्ये होती. कील येथील माक कंपनीची डब्ल्यूडीएस-3 वर्गाची 7 इंजिने 1961 मध्ये आली. त्यांची 1976 ते 1978 या काळात पुनर्बांधणी होऊन डब्ल्यूडीएस-4सी हा वर्ग झाला. चित्तरंजन कारखान्याच्या डब्ल्यूडीएस-4 मध्येही माक घडणीचे डिझेल इंजिन आहे. डब्ल्यूडीएस-4 ची चाके तीन आसांवर असून ती बाहेरच्या दांड्यांनी एकमेकांशी जोडलेली दिसतात. अमेरिकी आल्को वळणाच्या डब्ल्यूडीएस-6 मध्ये अशा दांड्या नाहीत. ते दोन बोगींवर उभे असते.

कपलिंग पाहून मात्र कारखाना कळत नाही, कारण ते रेल्वेच्या मापानुसार बसवले जाते. युरोपात दोन बफरांमधील अंतर सुमारे 1750 मिमी, तर भारतीय ब्रॉडगेजवर 1956 मिमी असते. जुन्या पद्धतीत मधल्या हुकात साखळी अडकवून स्क्रू आवळतात. त्यासाठी पॉइंट्समनला दोन डब्यांच्या मध्ये शिरावे लागते; ते काम जोखमीचे असते. 1960च्या सुमारास बॉक्स वाघिणींबरोबर सीबीसी, म्हणजे मधोमध बसणारे स्वयंचलित कपलर, रुळले. त्यांचे जबडे धक्क्यानेच मिटतात आणि बाजूच्या दांड्याने सुटतात. यार्डात दोन्ही प्रकारची वाहने येत. त्यामुळे अनेक इंजिनांवर सीबीसीच्या दोन्ही बाजूंना बफर राहिले आणि जबड्यात स्क्रूची कडी अडकवण्याची सोयही ठेवली गेली.

जोड एकच असली तरी गेज वेगळा असला तर वाघीण पुढे जात नाही. बारामतीला 1914 मध्ये दौंडहून आलेला रेल्वेमार्ग 762 मिमीचा होता. दौंडच्या ब्रॉडगेज वाघिणी त्यावर धावू शकत नव्हत्या, म्हणून माल दौंडला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर ही अदलाबदल संपली आणि दौंडची वाघीण तशीच बारामतीपर्यंत नेता येऊ लागली.